ओवीच्या खुर्चीचा दांडा

तुम्हाला ठाऊकच आहे, सदर भागातल्या वर्कशॉपात मी लहान मुलांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवतो. मागे नरखेडकडून ओवी नावाची एक पोरगी वडिलांसोबत आली. दुसरीत असेल. नव्या खुर्चीची चाकं तिनं स्वतः फिरवून पाहिली आणि खूश झाली. मग मागचा दांडा चाचपत म्हणाली, "काका, हा काहून लावला?"

"तुझ्या बाबाले ढकलता यावं म्हणून."

"मग काढून टाका. शाळेत जो येते तो मागून धरते अन् मले घेऊन जाते. मी चित्र काढून राहिली असली तरी नेते."

वडील घाबरले. "भाऊ, हिचं ऐकू नका. चढावर ढकलावंच लागते."

दोघांचंही खरं होतं. शेवटी मी दांडा काढता-घालता येईल असा केला आणि त्याची खिट्टी ओवीच्या हाताशी दिली.

खुर्ची न्यायला आले त्या दिवशी वडील "चाल, एसटी निघून जाईन" म्हणत तिला ढकलत गल्लीत निघाले; मीही सोडायला सोबत होतो. पुढे रंगीत माशांचं दुकान आहे. तिथं पोचताच ओवीनं खिट्टी ओढली. दांडा वडिलांच्या हातात राहिला आणि पोरगी चाकं फिरवत थेट काचेच्या टाक्यांपाशी!

वडील आधी चिडले, मग त्यांनाच हसू फुटलं. मला म्हणाले, "आता हिले घरी कसं न्यायचं गा?"

मी म्हटलं, "विचारून."