अंजिरांपुरती आच

—नाही नाही, तळापर्यंत कापू नकोस, अंजीर आहे ते, कांदा नाही. देठाकडून एक चीर, मग आडवी दुसरी, आणि सुरी अर्ध्यावर थांबली पाहिजे—हं, आता खालून दोन बोटांनी दाब, बघ कसं उघडतं. त्यात चीज, चमचाभर, बास. सगळ्या नव्या पोरी इथंच चुकतात, मायेनं ठासून भरतात, आणि जाळीवर गेलं की फुटतं—चीज निखाऱ्यात, धूर डोळ्यांत, आणि पाहुणे रिकाम्या बशा घेऊन उभे. वर अक्रोडाचा तुकडा, मिरपूड, ही काडी आरपार, झालं. एक वाजता तुझे आईवडील येतील, तोवर साठ तरी व्हायला हवीत. लवकर आलीस ते बरं केलंस हो. जेवणं झाली की लग्नाची तारीख ठरवून टाकू, मला आता एकटीला नाही रेटवत हे घर—तू आलीस की मी सुटले, खरं सांगते.

तो बघ माझा लेक, अंगणात, शेगडीपाशी. आमच्याकडे शेगडी पुरुषांची आणि भरायचं काम बायकांचं, माझ्या सासऱ्यांनी पार्ट्यांना खाणं पुरवायचा धंदा काढला तेव्हापासूनची रीत. आणि चिमटा वापरायचा नाही. आमचे हे म्हणायचे, चिमटा धरणारा स्वयंपाकी म्हणजे छत्री धरून आंघोळ करणारा. आच कशी ओळखायची? तळहात जाळीच्या चार बोटं वर धरायचा आणि मोजायचं. दोनलाच चटका बसला तर मांस टाक, आठपर्यंत हात टिकला तर कोळसा घाल, पाचला हात मागे घ्यावासा वाटला की ती अंजिरांपुरती आच. मीच शिकवलं त्याला, सहा वर्षांचा होता, स्टुलावर उभा करून. एकुलता एक ना, तळहाताच्या फोडासारखा जपला मी त्याला.

रागीट आहे, ते तुला कळलं असेलच. राग नाकावर, पण पोटात काही ठेवत नाही. वडिलांवर गेलाय अगदी. त्यांनी एकदा, चीज खारट झालं म्हणून, परात घातली माझ्या डोक्यात—आणि मग स्वतःच रडले, स्वतःच दवाखान्यात नेलं, टाके पडेपर्यंत माझा हात धरून बसले. मी डॉक्टरांना सांगितलं, डोक्यावर फळी पडली. डॉक्टर म्हणाले, बाई, ही तिसरी फळी, घरातल्या फळ्या जरा पक्क्या करून घ्या. हसलो आम्ही तिघंही. भांड्याला भांडं लागतंच ग, कोणत्या घरात लागत नाही? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं काही नव्हतं ते. म्हणजे तोंड कोणी दाबत नव्हतं, मीच गप्प बसायचे.

पहिल्या बायकोचं काय? सांगितलंय ना त्यानं तुला, पटलं नाही, गेली. तेच. हात भाजला तिचा, ते आपलं निमित्त. निष्काळजी होती फार. एका मोठ्या पार्टीला तिनं अशीच ठासून भरली, निम्मी फुटली, आणि गिऱ्हाईक चार माणसांत नको ते बोललं त्याला. आता घरी आल्यावर राग येणारच की. तिला म्हणाला, तुला आच कळत नाही, ये, शिकवतो. शिकवायलाच नेलं त्यानं. मी इथंच होते, या खिडकीशी, दुसऱ्या ऑर्डरची जर्दाळू भरत. आधी हात वर धरला होता तिचा, जाळीच्या वर, रीतीप्रमाणे. मोठ्यानं मोजत होता. पाच म्हणाला, मला वाटलं सोडेल. सहा म्हणाला आणि हात खाली दाबला—जाळीवर. मी...चीज नरम पडत होतं ग, फार वेळ उघडं ठेवता येत नाही, म्हणून मी भरत राहिले. ती फार ओरडलीही नाही. एकदाच ‘आई’ म्हणाली, आता ते मला म्हणाली की तिच्या आईला, मी विचारलं नाही कधी. अकरापर्यंत गेला तो. नंतर मलम मीच लावलं, उजवा हात होता, बोटं मिटेनात, आणि तळव्यावर रेघा, या अंजिरांवर उठतात ना, तितक्या सरळ. दोन दिवसांनी तिचा भाऊ येऊन घेऊन गेला तिला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.

मी हे का सांगत बसलेय तुला? चल, हात चालव. बाही वर कर आधी, चीज लागेल. वर कर ग, माझ्यापुढे कसली लाज—हे काय? हात दारात सापडला? कुठल्या दारात? मी फळी म्हणायचे, तू दार म्हणतेस. दाराला बोटं नसतात पोरी. ही चार इकडून आणि अंगठा आतून, मला नको शिकवूस, मी स्वतःच्या दंडावर वाचलेत हे ठसे. कधीचं? मंगळवारचं? कशावरून? फोन उचलला नाहीस म्हणून? अग, माझ्या नवऱ्यानंसुद्धा निदान लग्न होईपर्यंत दम धरला होता.

थांब, हाक मारतोय. बोलू नकोस तू. —हो रे, भरतेच आहे, दोन मिनिटं. ती? हात धुतेय.

सुरी ठेव खाली आणि नीट ऐक. मागच्या दाराची कडी घट्ट आहे, वर उचलून ओढ. गल्लीनं सरळ जा, औषधाच्या दुकानापाशी वळण आहे, तुझ्या वडिलांची गाडी तिथूनच येणार. तिथंच गाठ त्यांना, उतरू देऊ नकोस. बाही वर करून दाखव आधी, बोल मग. ते म्हणतील, समोरासमोर बसून मिटवू—बसायचं नाही. तो येईल तुझ्या दाराशी, रडेल, पायसुद्धा धरेल, रडणं त्याचं खरंच असतं, तरी दार उघडायचं नाही. माझं काय? माझं नको बघू तू. मला सून हवी होती, घर रेटायला, आणि त्यापायी मी सगळं ठाऊक असून तुला सुरी देऊन इथं बसवली, तेव्हा माझी कीव तर करूच नकोस. पर्स राहू दे ती बाहेरच्या खुर्चीवर, आणायला जाऊ नकोस. चपला हातात घे, फरशीवर वाजतात. जा, बघतेस काय, जा.

—आले रे, आले ताट घेऊन. हो, एकटीच.