सात वाजता दिवे बंद

नलू: म्हणजे तुम्ही खरंच काढलात फ्यूज.

वसंत: हळू बोल. शेजारी ऐकू जातं.

नलू: जाऊ दे. सरोजिनीकाकूंचा मुलगा रामदास जानेवारीत पोलिसांची गोळी लागून गेला. त्याच्या नावानं चाळीनं दिवे मालवायचे. आणि त्या मालवत नाहीत म्हणून त्याच्या आईचीच वीज तोडायची.

वसंत: कमिटीचा ठराव आहे. सगळी चाळ सातला काळोखात उभी राहते आणि टोकाच्या एका खोलीत लख्ख उजेड. समोरच्या वाडीतले हसतात. कमिटीचे अध्यक्ष गंगाधरपंत म्हणाले, चाळीत वायरमन कोण? वसंता. मग जिन्याखालच्या बोर्डाला आणखी कुणी हात लावायचा?

नलू: आणि तुम्ही लावलात.

वसंत: शिस्तीशिवाय लढा होतो का, नलू? आज एक दिवा, उद्या दहा. सरकारला तेच हवंय.

नलू: लढा मलाही हवाय. सत्याग्रहात मी कोठडीत जाऊन आलेय. तुमच्या पंतांनी त्या दिवशी दाराला आतून कडी घातली होती. आणि दिव्याचं म्हणाल, तर आधी महिन्यातनं एकदा मालवायचे, तेही ज्याला वाटेल त्यानं. मग रोज झालं. मग गॅलरीत यायलाच हवं. मग कोण आलं नाही ते बघायला माणसं दारोदार. परवा पाटणकरांची मुलगी तापानं फणफणलेली, तर आईनं तिला गोधडीत गुंडाळून उभी केली. आता काकूंशी बोलणं बंद. त्या नळावर आल्या की बायका गप्प होतात.

वसंत: मला आवडतंय असं वाटतं का तुला? रामदास माझा मित्र होता.

नलू: म्हणून तर विचारतेय. ते बघा. कंदील लावला त्यांनी.

वसंत: दिसतोय मला. आता तो विझवायलाही मलाच सांगतील.

नलू: मग?

वसंत: माहीत नाही. पदर काय खोचतेस? कुठं निघालीस?

नलू: त्यांच्याकडे. एकट्या बसल्यात.

वसंत: नलू, तो उंबरा ओलांडलास तर आपल्याशीही बोलणं बंद होईल. तुझे दिवस भरत आलेत. वेळ आली तर कोण धावेल?

नलू: काकूच धावतील. दुसरं कोण?

(गॅलरीच्या टोकाची सरोजिनीबाईंची खोली. दार उघडं.)

सरोजिनीबाई: कोण गो? नलू? दारातच थांब बाय, कोण बघेल.

नलू: बघितलं सगळ्यांनी. बसू कुठं?

सरोजिनीबाई: तिथं नको, पोलकी कापून ठेवल्येत. पाटावर बस, भिंतीला टेकून. आणि परत जाताना त्या पंताच्या दारावरनं जाऊ नकोस.

नलू: काकू, तुम्ही दिवा का मालवत नाही? सांगायचं नसलं तरी चालेल. मी बसणारच आहे.

सरोजिनीबाई: पहिल्यांदा मालवला होता गो. गॅलरीत उभी राहिले. तुझ्या नवऱ्यानं आवाज दिला, हुतात्मा रामदास. सगळे म्हणाले, अमर रहे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पंतांनी भाषण केलं. रामदास मोर्च्यात सगळ्यांच्या पुढं होता, हातात झेंडा होता. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तेच. आता कालची पोरं पाठ म्हणतात.

नलू: मीही तेच ऐकलंय.

सरोजिनीबाई: तो मोर्च्यात नव्हता गो. मशीनची सुई मोडली होती, मी त्याला नवी आणायला पाठवला. हे मी पंतांना सांगितलं. तर म्हणाले, बाई, असलं बाहेर बोलू नका, चळवळीला बाधा येते.

नलू: आणि ह्यांना विचारलंत? हे तिथंच होते ना मोर्च्यात?

सरोजिनीबाई: विचारणार कसं? मला बघितलं की तो जिना बदलतो. काळोखात उभी राहिले ना, की मलासुद्धा झेंडाच दिसायला लागतो गो. त्याचा साधा सदरा, हातातली पिशवी, काही दिसेनासं होतं. म्हणून उजेड ठेवते.

वसंत: काकू.

सरोजिनीबाई: ये. कंदील विझवायला आलास?

वसंत: त्यासाठीच पाठवलंय.

सरोजिनीबाई: मग विझव. मी काय तुझा हात धरणार नाही.

नलू: नुसते उभे काय राहिलात? बाहेर गप्प झालेत सगळे. तुमच्या आवाजासाठी थांबलेत.

सरोजिनीबाई: जा रे वसंता. अख्खी चाळ उभी आहे. तुझी बायको ही अशी. तुझ्याशी बोलायचं बंद झाले तर कुठं जाल?

वसंत: थांबू दे त्यांना. नलू, जरा सरक. काकू, त्या दिवशी मला रामदास भेटला होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर. मी मोर्च्यात आणि तो फुटपाथवरनं उलट्या बाजूनं चाललेला. त्यानंच हाक मारली.

सरोजिनीबाई: हे कधी बोलला नाहीस.

वसंत: पंतांचं भाषण आधी झालं. मग सगळे तसंच म्हणत गेले. मीही म्हणत गेलो. खोडून काढायचं म्हणजे... मला जमलं नाही.

सरोजिनीबाई: काय म्हणाला तो?

वसंत: तसं मोठं काही नाही.

सरोजिनीबाई: ते मी ठरवीन. काय म्हणाला?

वसंत: म्हणाला, आईनं सुई चौदा नंबरची सांगितली का सोळा, तेच विसरलो. मी म्हटलं, मला काय विचारतोस? तर म्हणाला, चौदाच असेल, पोलकी आहेत ना. हसला आणि रस्ता ओलांडून गेला. तेवढंच.

नलू: बाहेर दुसऱ्याच कुणीतरी आवाज दिला.

सरोजिनीबाई: देऊ दे. चौदाच. बरोबर लक्षात होतं त्याच्या.