अकरा जुलैच्या हजेरीपत्रकावरील सही

मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर आहे. विभागात मला सगळे मावशी म्हणतात. वय ५१ वर्षे, शिक्षण दहावी पास, राहणार कर्मचारी वसाहत, दुसरा मजला. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी सोळा वर्षांपासून नोकरीस आहे. प्रयोगशाळा उघडणे व बंद करणे, काचसामान धुणे, फरशी पुसणे आणि किल्ल्यांची वही सांभाळणे ही माझी कामे आहेत. जो किल्ली नेतो, तो वहीत वेळ टाकून सही करतो. त्यामुळे विभागातल्या बहुतेकांच्या सह्या मला ओळखू येतात.

मंगळवार, दिनांक ९ सप्टेंबर रोजी सकाळी ११.२० च्या सुमारास मी प्रयोगशाळा क्रमांक ३ मध्ये काचसामान धूत होते. खिडकीजवळ संशोधन करणारी विद्यार्थिनी एकटी काम करत होती. ती दुसऱ्या वर्षाला आहे. भरभर बोलते म्हणून मी तिला चिमणी म्हणते. तिने बाटलीत उरलेले आम्ल टाकाऊ द्रावणाच्या कॅनमध्ये ओतले. त्या कॅनमध्ये आधीपासून स्पिरिट होते. आम्लाचा कॅन शेजारीच होता. दोन्ही कॅन पांढरे, एकाच मापाचे. कॅनवर चिठ्ठी नव्हती. कॅन फसफसला आणि फुटला. तिच्या तोंडावर उडाले.

ती ओरडली नाही. "मावशी, डोळे उघडत नाहीयेत," एवढेच म्हणाली. मी तिला दाराजवळच्या डोळे धुण्याच्या नळापाशी नेले. नळाला पाणी नव्हते. म्हणून तिला हाताला धरून बाहेरच्या बेसिनपर्यंत नेले. मध्ये चाळीस-पंचेचाळीस पावले आहेत. तिथे तिच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाणी सोडत राहिले. ती "किती वेळ झाला?" असे विचारत होती. मी प्रत्येक वेळी "झालंच" म्हटले.

गुरुवार, दिनांक ११ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजता विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी फाईल घेऊन माझ्याकडे आले. एरवी ते आमच्या मजल्यावर येत नाहीत. त्यांनी एक कागद पुढे केला. म्हणाले, "मावशी, तुमची सही राहिलीय."

मी विचारले, "कशाची?"

"सुरक्षा प्रशिक्षणाची. जुलैत झालं ना ते! फॉर्मॅलिटी आहे, करून टाका."

कागदावर '११ जुलै, विभागाचे सभागृह, सकाळी ११ ते १' असे छापले होते. एकतीस नावे होती. माझे नाव सत्ताविसावे. दोन महिन्यांपूर्वीचा कागद म्हणावा, तर घडीची रेघ नाही, फाईलला लावायची भोकेसुद्धा पाडलेली नाहीत. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे रंगकाम चालू होते. खुर्च्या एकावर एक रचून प्लॅस्टिकखाली झाकल्या होत्या. रंगाऱ्याशिवाय त्या दिवसांत कोणी किल्ली नेलेली नाही. तशी नोंद वहीत आहे. वही आज सोबत आणली असून ती मी आपल्या ताब्यात देत आहे.

चौदाव्या नावापुढे चिमणीची सही होती. पूर्ण नाव, गोल अक्षरात. किल्लीच्या वहीत ती फक्त पहिले अक्षर काढून खाली रेघ मारते. ती त्या वेळी दवाखान्यात होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

मी म्हटले, "साहेब, हिने कधी केली?"

ते म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा ना. अहवाल तयार आहे. प्रशिक्षण घेऊनही मुलीने निष्काळजीपणा केला, असं त्यात आहे. तुमच्यावर काही येणार नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते व्हरांड्यात गेले. मी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला. फोटोवर तारीख आणि वेळ ३.१२ अशी आहे. माझ्या नावापुढची जागा त्यात कोरी आहे. ते परत आल्यावर मी चष्मा घरी राहिल्याचे सांगून सही टाळली. चष्मा माझ्या खिशात होता.

त्याच दिवशी चार वाजता विभागप्रमुखांनी मला बोलावले. त्यांनी बसायला खुर्ची दिली. सोळा वर्षांत प्रथमच. ते म्हणाले, "कशाला नसत्या भानगडीत पडता? तुमच्या सुनेच्या ग्रंथालयातल्या नेमणुकीची ऑर्डर माझ्याच टेबलावर आहे." मी "विचार करते, सर" म्हटले. ऑर्डर अद्याप निघालेली नाही.

दिनांक १२ रोजी सायंकाळी मी दवाखान्यात गेले. मुलीला विचारले, "बाळा, जुलैत ट्रेनिंगला बसली होतीस का गं?" ती म्हणाली, "कुठलं ट्रेनिंग? तेव्हा मी गावी होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नव्हतं का?" तिची आई शेजारीच होती. तिने पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून दाखवला. त्यावर १० ते १४ जुलै अशा तारखा आहेत. उजवा डोळा वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. डाव्याबद्दल ते काही बोलत नाहीत.

निघताना आईने माझा हात धरला. म्हणाली, "तुम्हीच ना हो तिला नळाखाली धरलं? तुमचे उपकार कसे फेडायचे?" मी "काळजी घ्या" म्हटले आणि निघाले. लिफ्ट चालू असूनही जिन्याने उतरले.

आज मला विद्यापीठाने पोलिसांकडे दिलेली त्या हजेरीपत्रकाची प्रत दाखवण्यात आली. तीत माझ्या नावापुढे सही आहे. ती माझी नाही. माझ्या आडनावातली वेलांटी ऱ्हस्व आहे, या सहीत दीर्घ आहे. सोळा वर्षे पगारपत्रकावर मी एकदाही दीर्घ काढलेली नाही.

गेल्या तीन वर्षांची हजेरीपत्रकेही मला दाखवण्यात आली. त्या तिन्हींवरील सह्या माझ्याच आहेत. त्या तिन्ही वर्षी प्रशिक्षण झाले नाही. कागद आला, मी सही केली. का केली असे विचारले असता सांगते की, सगळे करत होते.

डोळे धुण्याच्या नळाला पाणी का नव्हते, हे मला कोणी विचारलेले नाही. तो नळ ठिबकत असे. फरशी ओली राहायची, मला दिवसातून चार वेळा पुसावी लागायची. मे महिन्यात मीच प्लंबरला सांगून त्याचा कॉक बंद करून घेतला. तो नळ दर आठवड्याला सोडून पाहायचा असतो, हे मला अपघातानंतर कळले. तशी पाटी भिंतीवर आहे, तिच्यापुढे कपाट ठेवले आहे. ही गोष्ट मी मुलीच्या आईला सांगितलेली नाही. विभागप्रमुखांना माहीत आहे किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही.

माझ्यावर हा जबाब देण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. देऊ नये म्हणून आणला, तो वर सांगितला आहे.

माझा जबाब संगणकावर टंकलिखित करून मला वाचून दाखवण्यात आला. त्यात 'मागील तीन वर्षी प्रशिक्षण झाल्याचे आठवत नाही' असे वाक्य आले होते. मी तसे म्हटलेले नाही. हवालदार म्हणाले, "मावशी, अर्थ एकच होतो." मी नाही म्हटले. ते वाक्य माझ्या सांगण्यावरून 'प्रशिक्षण झाले नाही' असे दुरुस्त करण्यात आले. त्यानंतर चष्मा लावून मी तो पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.