भावजींची गाडी आणि माझे वडाम

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? तंजावूरच्या आमच्या अंगणात चिंचेवर शेकडो वटवाघळं लटकतात. खालची घाण रोज मी धुते. पापडासारखे तळायचे तांदळाचे वडाम वाळवायला उन्हाचा एकच स्वच्छ कोपरा उरलाय. वैतागून फांद्या छाटायला निघाले, तर मद्रासहून आलेले धाकटे भावजी म्हणाले, "वहिनी, झाड त्यांचंही आहे. जरा जुळवून घ्या."

आणि स्वतःची नवी कोरी परदेशी गाडी? झाडाखाली नाही, नेमकी माझ्या कोपऱ्यात लावली.

मी गाडीच्या टपावर जुनं लुगडं अंथरलं आणि त्यावर वडाम घातले. भावजी धावत आले. "अय्यो वहिनी, रंग जाईल."

म्हटलं, "ऊन माझंही आहे, भावजी. जरा जुळवून घ्या."