पोच

इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक भाऊ-बहीण उभे होते. खिडकीतल्या बाईंनी त्यांना नुकतंच 'नाही' म्हटलं होतं.

"दादा, बाबांचं इंजेक्शन अजून आलंच नाही म्हणतात."

"असं कसं? आमच्याच कंपनीच्या गोदामातून निघालंय. हे बघ मोबाइलवर, 'पोचलं'. तेही वेळेत."

"मग कुठाय?"

"वाटेत असेल."

"वाटेत असेल तर पोचलं कसं?"

"अगं, गाडी गोदामाच्या फाटकाबाहेर पडली की आम्ही पोच धरतो. पुढचा रस्ता काय आमच्या हातात असतो?"

"पहिल्यापासून असंच धरता?"

"छे. आधी माल समोरच्याच्या हातात पडला की धरायचो. रोज उशीर दिसायचा, साहेब बैठकीत सगळ्यांदेखत सोलून काढायचे. मग मोजायची जागाच बदलली. महिन्याभरात आकडे सुधारले."

"डोकं कोणाचं?"

"बढती उगाच मिळाली का मला?"

"बाबा गल्लीभर सांगत फिरले होते, माझ्या पोराने कंपनीचा उशीरच संपवला म्हणून."

"पुरे गं आता."

"थांब, वहिनीचा फोन आहे. हं, बोल वहिनी... कधी?... बरं."

"काय म्हणते?"

"डॉक्टरांनी सगळ्यांना वर बोलावलंय. ताबडतोब."

"निघालो म्हणून सांग तिला."

"टाकला मेसेज. निघालो म्हणजे पोचलोच, नाही का रे दादा?"