टफनेल घराण्याचा चमचा

हॅलो?… कोण, लायनेल? अरे वा, भावाला बहिणीची आठवण झाली म्हणायची!… नाही रे, गिऱ्हाईक कुठलं? दुकानात मी, चहाची किटली आणि पॉलिशचं फडकं. बोल.

हो, रविवारीच बाप्तिस्मा. आधी चर्च, मग घरी चहा… हो, हो, तुझ्यासाठी काकडीची सँडविचेस वेगळी. आणि बाळाला द्यायचा घराण्याचा चांदीचा चमचा आणतोयस ना?… नाही म्हणजे?… अरे, ऐक ना… माझं ऐकून तरी घे!

मुलगी झाली म्हणून? माझी नात काय हाताने खीर खाणार?… घराण्याची रीत, चमचा मुलग्यांनाच! बाबांनी मलाही कधी हात लावू दिला नाही त्याला. जन्मभर लोकांची जुनी चांदी पुसली मी, आणि घरचा चमचा तेवढा काचेतून बघायचा!… हो, चिडलेय. चिडणारच.

माहितेय रे, ॲम्ब्रोज टफनेलने घडवला. दांड्यावर त्याची अक्षरं, ए आणि टी… काय? राजाने दिलेली हिऱ्याची खूण? कुठे?… थांब, थांब. अक्षरांभोवतीची कड?… नीट बघ. भिंग घे. अरे, शब्दकोड्यापाशी असेल तुझं… हं. टोकावर उभी? पत्त्यातल्या चौकटच्या एक्क्यासारखी?… अगं बाई!

लायनेल, खाली बस… राजाने कसलं काय दिलंय! लंडनात तेव्हा नवऱ्यामागे कारखाना चालवणाऱ्या विधवेचा छाप अशा चौकटीत असायचा, तिच्याच नावाच्या अक्षरांचा… थट्टा नाही रे, हेच तर माझं रोजचं काम. ॲम्ब्रोजची बायको कोण? वंशवेल टांगलीयस ना भिंतीवर? जा, वाच… अ‍ॅगथा! ए आणि टी!

हसू नको तर काय करू? इतक्या पिढ्या मिशीला पीळ देत मिरवलात, तो चमचा बाईने घडवलेला!… मागे वहिनी हसतेय का? तिला म्हणावं, मोठ्याने हस.

बरं, आता रीतीने बोलू. बाईचा चमचा कोणाकडे जायचा?… ऐकू येत नाही… हां, आता कसं! बाळाचं मधलं नाव ठरत नव्हतं, तेही मिळालं बघ.

आणि लायनेल… आधी माझ्या हातात दे हं. बाळाला मग. एकदा धरू दे रे मला… हो, रडतेय. रडू दे… बरं, ठेवते. गिऱ्हाईक आलं.