न पाठवलेला फॉर्म

नाही काका, लॅपटॉप बिघडलेला नाहीये, तिसऱ्यांदा सांगतेय. साइटवरची बटणं चालत नाहीत कारण जावास्क्रिप्ट मीच बंद केलंय — गेल्या सोमवारी, दुकानात याच काउंटरवर, तुम्ही मान डोलावलीत म्हणून. जावास्क्रिप्ट म्हणजे काय? तर साइटच्या पानाबरोबर आपल्या मशीनवर येऊन चालणारा प्रोग्रॅम. कधी तो मेनू उघडून देतो, आणि कधी तुम्ही कुठे थांबलात, काय टाइप केलंत, काय खोडलंत, सगळं टिपून घेतो. पाहुणा म्हणून यायचं आणि कपाटं उचकायची, तसलं. म्हणून सगळीकडे बंद; फक्त तुमची बँक, वीजबिल आणि नातीची शाळा, एवढ्या तीन ठिकाणी चालू. कागदावर लिहून दिलं होतं. कागद कुठाय? — असू दे.

आता कुठली साइट अडली? — हॉस्पिटल शोधून देणारी. रुग्णाचं नाव, आजार, मोबाइल नंबर... कोणासाठी? — काकूंसाठी. बरं. तरी नाही, इथे मी चालू करणार नाही. मशीन तुमचं आहे, मान्य, पण — काय? नुसतं भरून बघायचंय, पाठवायचं नाहीये?

मीही पाठवलं नव्हतं. माझ्या बाबांसाठी भरत होते असाच फॉर्म. आजार काय आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं आम्ही; आईनं शपथच घातली होती. पान कोरं दिसत होतं, म्हणून पाच मिनिटांपुरतं जावास्क्रिप्ट चालू केलं — मी, दिवसभर लोकांना अक्कल शिकवणारी. बाबांचं नाव टाकलं, आजार टाकला, त्यांचा नंबर टाकला. मग मन कच्चं झालं, सगळं खोडलं. 'पाठवा' दाबलंच नाही. मला वाटलं, खोडलं म्हणजे गेलं. पंधरा वर्षं या धंद्यात, आणि मला असं वाटलं!

दुसऱ्या दिवशी त्या साइटवाल्यांनी फोन केला. मला नाही, बाबांना. आजाराचं नाव घेऊन विचारलं, उपचारांचं पॅकेज हवंय का. आणि बाबा घरी काही बोलले नाहीत, एक अक्षर नाही. आम्ही त्यांच्यापुढे 'साधा अल्सर आहे' म्हणत राहिलो, ते 'हो का' म्हणत राहिले, दोन महिने. मला कळलं ते बाबा गेल्यावर. त्यांच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे — ती सोय मीच करून दिली होती. चार मिनिटांचा कॉल. बाबा त्या साइटच्या फोनवरच्या मुलीला अगदी अदबीनं विचारतायत, 'साधारण किती दिवस मिळतात हो? आणि एक कराल का — माझ्या मुलीला फोन करू नका, तिला माहीत नाहीये.'

...नको, पाणी नको. काकूंना घेऊन हॉस्पिटलात जा, काउंटरवरच्या माणसाला विचारा. घ्या लॅपटॉप. पैसे नकोत म्हटलं ना — निघा आता, काका.